झेन सिग्नलला तापते, हायवेला गार : हेड उतरवू का?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. गाडी २००३ ची मारुती झेन, पेट्रोल, एमपीएफआय (म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो ती). घरात नवी आलेली, आजवर एकाच हाताची. विकायची नाही, तेव्हा "काढून टाक आणि नवी घे" हा सल्ला कृपया नको.

त्रास असा. कागल, निपाणी असं मोकळ्या रस्त्यानं गेलं की काटा निम्म्याच्या जरा खाली येऊन थांबतो, एसी लावला तरी तिथून हलत नाही. पण कोल्हापूर शहरात शिरून दसरा चौक, व्हीनस कॉर्नर करत स्टँडकडं निघालं की दुसऱ्या-तिसऱ्या सिग्नलला वर सरकायला लागतो. शनिवार-रविवारी देवीला आलेल्या गाड्यांची गर्दी असली तर बिंदू चौकापर्यंत पोचेस्तोवर 'एच'च्या खालच्या रेघेला टेकलेला असतो. तिथून सुटून जरा पळवली की पाचेक मिनिटांत परत जागेवर. गर्दीत एसीही गार करत नाही, नुसता वारा सोडतो.

एका गॅरेजला दाखवली. झाकण उघडून बघितलं आणि "हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवून फेसिंग करू, पंधरा हजार धरून चला" म्हणाले. (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याखालचं पॅकिंग, फेसिंग म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणं.) दुसऱ्यानं रेडिएटर बदलायला सांगितलं. तिसरा म्हणतो थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारी झडप) काढून टाकू, कटकट मिटेल. रेडिएटरचा पंखा चालू होतो, ते मी स्वतः बघितलंय. बाटलीतलं कुलंट महिन्याकाठी बोटभर कमी होतं. तिघांपैकी कुणाचं ऐकू?

बावड्याचा_भावा

भावा, हेडला हात लावू देऊ नकोस. एकदा हेड उघडलं की "व्हॉल पण करून घेऊ, रिंगा पण बघू" असं करत करत बिल कुठल्या कुठं जातंय. आमच्या चुलत्यांची मारुती ८०० अशीच उघडली, तीस हजार घातले, आणि पहिल्याच दिवशी राजाराम कारखान्यासमोर ट्रॉल्यांच्या रांगेत परत तापली. शेवटी निघालं काय, तर पंख्याचा रिले, म्हणजे त्याला वीज देणारा स्विच.

सीझनमध्ये बावडा रोडला ऊसट्रॉलीच्या मागं अडकशील तर एसी बंद कर आणि हीटर फुल्ल लाव. लोक हसतील, हसू देत. काटा खाली येतोय का नाही बघ.

फौंड्रीवाला

भावानं सांगितलेला हीटरचा उपाय खरा आहे. हीटरची कॉइल म्हणजे डॅशबोर्डमागचा लहान रेडिएटरच. त्यातून इंजिनचंच गरम पाणी फिरतं. त्यानं काटा खाली आला, तर पाणी फिरतंय हेही कळतं. काटा तसाच राहिला आणि हीटरमधून गार हवा आली, तर सिस्टीममध्ये पाणी कमी आहे किंवा हवा अडकली आहे. मग गाडी तिथंच बंद करायची.

आता मूळ प्रश्न. "गाडी गरम होते" एवढ्यावर निदान होत नाही. कधी गरम होते आणि कधी होत नाही, हे कळलं की निम्मं काम झालं. तुम्ही ते व्यवस्थित लिहिलंय.

साठच्या वेगानं गाडी पळते तेव्हा रेडिएटरला पंखा लागतच नाही. समोरचा वारा जाळीतून घुसतो, तो पुरतो. गाडी थांबली की तो वारा बंद, सगळी भिस्त पंख्यावर. तुमची गाडी हायवेला एसी लावूनही गार राहते, म्हणजे पाणी फिरतंय, थर्मोस्टॅट उघडतोय, रेडिएटर आतून बऱ्यापैकी मोकळा आहे. कमी पडतोय तो वारा. उलटं असतं, म्हणजे गावात ठीक आणि ऐंशी-नव्वदला किंवा चढाला काटा वर, तर मी आतून चोंदलेल्या नळ्या, झिजलेला पंप किंवा अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट यांच्याकडं बोट दाखवलं असतं. इंजिन जोर लावतं तेव्हा उष्णता कितीतरी जास्त तयार होते. न्यूट्रलला उभी असताना ती थोडीच असते. ती थोडीशी उष्णताही बाहेर जात नसेल तर वाऱ्याचीच बोंब आहे.

हेड गॅस्केट गेलेलं इंजिन सहसा लोडला आधी बोंबलतं. सिग्नलला तापायचं आणि पळवलं की गार व्हायचं, हे त्याचं लक्षण नव्हे. तरीही खात्री करायची तर इंजिन न उघडता होते. सकाळी पूर्ण गार गाडीचं रेडिएटरचं झाकण काढा, स्टार्ट करा, तोंडाशी बघत राहा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे आले तर चालतील, अडकलेली हवा असते. पण बुडबुडे थांबायचं नावच घेत नसतील, ॲक्सिलरेटर दिल्यावर वाढत असतील, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय. झाकण लावून गार स्टार्ट केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दाबला न जाण्याइतका कडक झाला, तरी तेच. याची किटही मिळते : तोंडाशी धरलेल्या नळीतलं निळं द्रावण पिवळं पडलं की ज्वलनाचा गॅस आहे. ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की लोक घाबरतात. पावसाळ्यात गाडी रोज दोन किलोमीटरच चालत असेल तर नुसत्या दमटपणानंही तिथं साय धरते. डिपस्टिकवरचं ऑईल दुधाळ असेल तर मात्र काळजी करा.

गरम गाडीचं झाकण कुणीही, कुणाच्याही सांगण्यावरून उघडायचं नाही. ०.९ चं झाकण (बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ बार जास्त दाब धरणारं) असतं तेव्हा आतलं नुसतं पाणी आपल्या कोल्हापूरच्या उंचीवर ११७-११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण काढलं की दाब क्षणात जातो, आणि तेच पाणी वाफ होऊन तोंडावर येतं.

कागलकरीण

थर्मोस्टॅटचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते. माझ्या जुन्या सँट्रोचा थर्मोस्टॅट आमच्या मिस्त्रींनी मागच्या उन्हाळ्यात काढून टाकला. म्हणाले, "वहिनी, आपल्याकडं बर्फ पडत नाही, याची गरजच काय?" तेव्हापासून गाडी तापली नाही हे खरं. पण काटा खालून उठतच नाही, आणि पेट्रोल जास्त खातेय असं यांचं म्हणणं आहे. मला वाटत होतं यांची गाडी चालवायची पद्धत. आता शंका यायला लागलीय.

फौंड्रीवाला

वहिनी, तुमच्या यांचं म्हणणं बरोबर आहे. इंजिन ठरावीक तापमानाला यावं म्हणून थर्मोस्टॅट असतो. त्याचा बर्फाशी संबंध नाही. काही गाड्यांना ८२ अंशांचा येतो, काहींना ८८ चा. तोवर तो बंद असतो आणि पाणी इंजिनातच फिरत राहतं, म्हणून इंजिन लवकर तापतं. तो काढला की मोकळ्या रस्त्याला इंजिन कायम गारठलेलं राहतं. एमपीएफआय गाडीत कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गार आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो. ऑईलमध्ये पेट्रोल आणि ओल जमते, झीज वाढते. काटा खाली दिसतो म्हणून आपण खूश.

आणि गंमत बघा. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना मागच्या बाजूची बायपासची वाट बंद करतो. तो काढल्यावर ती वाट कायम उघडी राहते, निम्मं गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात शिरतं. अशी गाडी थर्मोस्टॅट काढल्यावर जास्त तापते.

बावड्याचा_भावा

पण फौंड्रीवाले, निम्म्या कोल्हापूरच्या जुन्या गाड्या थर्मोस्टॅटशिवाय फिरतायत. चालतायत की.

फौंड्रीवाला

चालतायत. निम्म्या कोल्हापूरच्या गाड्यांत कुलंटऐवजी बोअरचं पाणी पण आहे. म्हणून रेडिएटरवाल्यांची दुकानं चालतायत.

वायर_आणि_फ्यूज

उशिरा आलो. माझं काम ऑटो इलेक्ट्रिकलचं, म्हणून त्याच बाजूनं विचारतो.

"पंखा चालू होतो" म्हणजे नेमकं काय बघितलंत? आवाज ऐकला, का पाती फिरताना बघितली, का वारा तपासला? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्याकडं येणाऱ्या अशा गाड्यांत पंखा पूर्ण बंद असलेल्या थोड्या. त्या दोन मिनिटांत सापडतात : फ्यूज, रिले, नाहीतर जाम झालेली मोटर. डोकं खातात ते फिरणारे पंखे. कार्बन झिजून मोटर मंदावलेली असते. कनेक्टरची पिन तपकिरी पडलेली असते. अर्थिंगचा बोल्ट गंजलेला असतो. पंखा फिरताना दिसतो, आणि माणूस पुढं जाऊन हेड उतरवतो.

तीन तपासण्या करा.

पहिली, कागद. एसी बंद ठेवून गाडी उभ्या उभ्या तापू द्या. पंखा लागला की वर्तमानपत्राचा चतकोर कागद पुढच्या जाळीजवळ धरून सोडा. तो आत ओढला जाऊन जाळीला चिकटून राहिला पाहिजे. हात, ओढणी, मफलर, काहीही पंख्याजवळ नेऊ नका. इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही लागू शकतो, हे लक्षात ठेवा.

दुसरी, व्होल्टेज. साधा मल्टीमीटर घ्या. इंजिन आणि पंखा दोन्ही चालू असताना आधी बॅटरीवर मोजा, मग थेट मोटरच्या कनेक्टरवर. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच जास्त फरक असला तर वीज वाटेत कुठंतरी अडतेय.

तिसरी, आठवण. गेल्या वर्ष-दीड वर्षात बंपर ते इंजिन या पट्ट्यात काय काय काम झालंय? ठोकर, रंग, एसी, पंखा, काहीही. आठवून लिहा.

डॉक्टर_डिझेल

मोबाईलला जोडायचं ते ओबीडीचं यंत्र (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं) लावा ना. साताठशेला मिळतं, तापमान आकड्यात दिसतं. जग कुठं गेलं आणि तुम्ही कागद काय धरताय.

वायर_आणि_फ्यूज

डॉक्टर, आपल्याकडं ओबीडीची सक्ती २०१० पासूनची. २००३ च्या गाडीला ते यंत्र बोलेलच असं नाही. आणि बोललं तरी ते तापमान सांगेल, वारा कुठल्या दिशेला जातोय ते सांगणार नाही. कागद सांगतो.

आकडाच हवा तर लांबून तापमान मोजायची इन्फ्रारेड गन घ्या. काळ्या रबरी होजवर ती बरी चालते, चकचकीत ॲल्युमिनियमवर खोटं बोलते. वरचा होज आणि खालचा होज यांत चांगला फरक दिसला तर रेडिएटर उष्णता टाकतोय. रेडिएटरच्या जाळीवर एखादा पट्टा आजूबाजूपेक्षा फारच गार लागला, तर तिथल्या नळ्या चोंदल्यात.

रंकाळाकाठ

आज सकाळी सगळं केलं. क्रमानं लिहितो.

गार इंजिनचं झाकण काढून स्टार्ट केलं : सुरुवातीला दोन बुडबुडे, मग काही नाही. होज मऊ. डिपस्टिक स्वच्छ. म्हणजे गॅस्केटची भीती बरीच गेली.

आठवण : गेल्या दिवाळीच्या सुमारास रेडिएटरच्या पंख्याची मोटर जाम झाली होती. मूळ मिळायला वेळ लागतोय म्हणून त्या दुकानात बाजारातली दुसरी बसवून दिली. त्यानंतर थंडी होती, गाडी कमी चालली. त्रास उन्हाळ्यात सुरू झाला, म्हणून दोन्हींचा संबंध कधी जोडलाच नाही.

आता कागद. गाडी दारात उभी करून तापवली. पंखा लागला, आवाज खणखणीत. कागद जाळीसमोर धरला आणि सोडला. चिकटेल नाहीतर खाली पडेल असं वाटत होतं. तो पडला तो माझ्याच पायाशी. दुसऱ्यांदा हातात धरून ठेवला, तर त्याची खालची कड माझ्याकडं फडफडत होती. जाळीपुढं तळहात धरला, तर आतून गरम हवा हातावर येत होती. उन्हाळ्यात हेअर ड्रायर लावल्यासारखी.

पंखा हवा आत ओढण्याऐवजी बाहेर फेकतोय?

वायर_आणि_फ्यूज

होय. पंखा उलटा फिरतोय.

डीसी मोटर आहे, दोन वायरी. प्लस-मायनस अदलाबदल झाले की मोटर उलट्या दिशेनं फिरते. कंपनीचा कनेक्टर एकाच बाजूनं बसतो, त्यामुळं एरवी हे होत नाही. पण बाजारातल्या मोटरला तो कनेक्टर नसतो, किंवा वायरींचे रंग वेगळे असतात. मग वायरी सोलून, पिळून, टेप मारून जोडतात. पंखा फिरला, काम झालं, गाडी बाहेर.

आता तुमची सगळी लक्षणं लावून बघा. हायवेला समोरच्या वाऱ्याचा जोर एवढा की उलटा पंखा त्याला अडवू शकत नाही, आणि तिथं पंखा सहसा लागतही नाही. गाडी थांबली की पंखा लागतो आणि इंजिनच्या कप्प्यातली तापलेली हवा रेडिएटरमधून पुढं ढकलतो. तीच पुढं एसीच्या कंडेन्सरवर (रेडिएटरच्या पुढं असलेली, एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) जाते, म्हणून एसीही मेला. पात्यांचा बाक सरळ दिशेसाठी असल्यामुळं उलटं फिरताना ती हवाही धड ढकलत नाहीत. जितकी गाडी तापेल तितका पंखा जास्त वेळ चालणार.

फक्त एक. वायरी बदलण्याआधी पातं मोटरवर सुलटं बसलंय ना तेही बघा. पातं पालटून बसवलं तरी हवेची दिशा बदलत नाही, पण वारा निम्म्यावर येतो. बऱ्याच जणांना वाटतं पातं पालटलं की झालं. तसं होत नाही.

बावड्याचा_भावा

आयला! म्हंजे पंखा रेडिएटर गार करायचं सोडून पुढच्या रिक्षावाल्याला शेक देत होता. नाद खुळा!

फौंड्रीवाला

छान सापडलं. मला वाटलं होतं मोटर मंद असेल.

आता तेवढ्यावर थांबू नका. एक गोष्ट सापडली की लोक बाकीचं बघत नाहीत. बाटलीतलं पाणी बोटभर कमी होतं म्हणालात, ते या कारणानं होत असेलही. तापल्यावर पाणी बाटलीत जातं आणि गार होताना परत ओढलं जातं. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर पूर्ण परत येत नाही, किंवा वाफ होऊन जातं. झाकण उलटं करून रबर बघा, चिरा दिसतील. मधला छोटा व्हॉल्व्ह नखानं ओढून सोडला की लगेच बसला पाहिजे. शंका असेल तर बदला, पण त्याच दाबाचं घ्या. जास्त दाबाचं लावून जुन्या होजवर नसता भार नको.

आणि पुरात गाडी कुठं होती?

रंकाळाकाठ

२०१९ ला गावाबाहेर होती. २०२१ च्या जुलैत मात्र गल्लीत पाणी शिरलं तेव्हा दारातच होती. बंपरच्या निम्म्यापर्यंत पाणी होतं. तेव्हा ऑईल वगैरे सगळं बदललं. का विचारलंत?

फौंड्रीवाला

पंचगंगेचा गाळ. पुराचं पाणी ओसरलं की तो कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बसतो आणि वाळून घट्ट होतो. पुढून कंडेन्सर स्वच्छ दिसतो, मागून रेडिएटर स्वच्छ दिसतो, मधे काय आहे ते दोन्हीकडून दिसत नाही. त्यावर नंतर चिलटं, उसाचं पाचट, कारखान्याकडची चिपाडाची भुकटी. दर साली थर वाढतो.

सर्व्हिसिंगला प्रेशरनं पाणी मारून तो निघत नाही. उलट जवळून जोरात मारलं तर जाळीची पानं वाकून वाट बंद होते. रेडिएटरचे वरचे दोन बोल्ट सैल करून तो मागं कलवता येतो. होजला ताण न देता दोन-तीन बोटांची फट मिळाली तरी पुरे. मग साध्या नळाच्या पाण्यानं, मागून पुढं. आधी भिजू द्या, मग धुवा.

रंकाळाकाठ

अपडेट.

त्या दुकानात परत गेलो नाही. उद्यमनगरात एका ओळखीच्या वायरमनकडं गेलो. त्यानं टेप सोडला तर आत नुसत्या पिळलेल्या तारा, त्याही हिरव्या पडलेल्या. अदलाबदल केली, सोल्डर मारलं, वर स्लीव्ह. पातं सुलटंच होतं. मग मीटर लावला : बॅटरीवर १३.६, मोटरवर ११.९. म्हणजे उलटा होताच, वर मंदही होता. अर्थिंगचा बोल्ट काढून खालचा पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत केला, पिनाही घासल्या. मोटरवर १३.१ आले. पंख्याचा आवाजच बदलला. कागद धरला तो फाट्‌कन जाळीला जाऊन बसला.

संध्याकाळी मुद्दाम गंगावेशीतून महाद्वारकडं घातली. एसीशिवाय काटा निम्म्याला, पंखा लागतो, बंद होतो, परत लागतो. याआधी तो कधी बंदच व्हायचा नाही, हे आता लक्षात आलं.

दुपारी एसी लावून बघितली तेव्हा मात्र काटा रेघभर वर गेला. म्हणून रविवारी रेडिएटर कलवला. फौंड्रीवाले, तुम्ही म्हणालात तेच. खालच्या चार-पाच इंचात राखाडी गाळाचा थर, नखानं टोकरला तर पापुद्रे निघत होते. त्यावर केसाळ काहीतरी, बहुतेक शेवरीचा कापूस, आणि वाळकं पाचट. भिजवत भिजवत धुवायला निम्मी सकाळ गेली. खाली फरशीवर चिखल झाला, त्यावरून घरी बोलणी खाल्ली. झाकणही बदललं, जुन्याच्या रबराला खरंच चिरा होत्या.

काल परत तोच रस्ता, भर दुपारी, एसी चालू. दसरा चौकात चांगलं अडकलो. काटा जागेवर, एसी गार. खर्च : वायरमनची मजुरी, झाकण, कुलंट. हजाराच्या फार पुढं गेला नाही.

कागलकरीण

अभिनंदन! कुलंट कोणत्या पाण्यात मिसळलंत? आमच्याकडं बोअरचंच पाणी आहे, किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो.

रंकाळाकाठ

बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणी, निम्मं-निम्मं.

फौंड्रीवाला

किटलीच्या तळाला बसतो तोच थर रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो, वहिनी. डिस्टिल्डच वापरा. आणि "जास्त कुलंट म्हणजे जास्त गार" असं समजून नुसतं कुलंट ओतू नका. उष्णता वाहून न्यायला पाणीच चांगलं. कुलंट हे उकळबिंदू वाढवायला आणि गंज थांबवायला. निम्म्या-निम्म्यात दोन्ही साधतं. ०.९ च्या झाकणाखाली ते मिश्रण १२५ अंशांच्या आसपास उकळतं. मिसळून तयार मिळणारं कुलंट असेल तर त्यात परत पाणी घालायचं नाही, डब्यावर लिहिलेलं असतं.

घाटमाथा

याच धाग्यात विचारतो, नवीन काढत नाही. माझी इंडिका, डिझेल. गावात काही त्रास नाही, सिग्नलला तासभर उभी राहू दे. पण वैभववाडीकडून करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना निम्म्यात काटा वर. मीही पंखा बघू का?

वायर_आणि_फ्यूज

तुमचं बरोबर उलटं आहे. पंखा शेवटी बघा. आधी रेडिएटर आतून, मग थर्मोस्टॅट, मग पंप. चढाला तापल्यावर बाटलीतून पाणी बाहेर फेकते का? फेकत असेल तर फौंड्रीवाल्यांनी वर सांगितलेली बुडबुड्यांची तपासणी आजच करा. तुमच्या लक्षणात हेड गॅस्केटवर संशय घ्यायला जागा आहे.

घाटमाथा

फेकते.

वायर_आणि_फ्यूज

मग तपासणी होईपर्यंत घाटात घालू नका. किटवाला मिस्त्री शोधा, नुसत्या अंदाजावर हेड उतरवू देऊ नका. रंग बदलला तर मात्र टाळू पण नका. डिझेलचं हेड एकदा वाकलं की खर्च वेगळा.

डॉक्टर_डिझेल

आजोबांच्या फियाटला ही भानगडच नव्हती. पंखा बेल्टवर, इंजिन फिरतंय म्हणजे पंखा फिरतोय.

फौंड्रीवाला

आणि सिग्नलला इंजिन मंद म्हणजे पंखाही मंद. आजोबांना विचारा, मे महिन्यात फियाट किती वेळा बोनेट उघडून उभी केली. बेल्ट सैल झाला की तर बघायलाच नको. इलेक्ट्रिक पंख्याचा फायदाच हा, की इंजिन कितीही मंद असो, तो स्वतःच्या पूर्ण वेगानं फिरतो. सरळ दिशेनं फिरला पाहिजे, एवढंच.

कागलकरीण

थर्मोस्टॅटचा निकाल सांगायला आले. मिस्त्रींनी काढलेला जुना तुकडा डिकीत पिशवीत होता. नवीन घेण्याआधी तपासता येईल का म्हणून फौंड्रीवाल्यांना निरोप केला होता, त्यांनी युक्ती सांगितली. थर्मोस्टॅटच्या झडपेच्या फटीत दोऱ्याची गाठ अडकवायची आणि तो दोऱ्यावर टांगून पातेल्यातल्या पाण्यात बुडवून धरायचा, भांड्याच्या तळाला टेकू द्यायचा नाही. शेजारी जेवणाचं तापमान मोजायचं थर्मामीटर. पाणी तापत जातं, झडप उघडते, दोरा सुटतो, थर्मोस्टॅट खाली पडतो. पडला त्या क्षणाचं तापमान वाचायचं.

वापरातून गेलेलं जुनं पातेलं घेतलं. यांनी दोरा धरला, मी आकडा. सत्तरला काही नाही, ऐंशीला काही नाही. ८३ ला टुपकन पडला. वर ८२ चा शिक्का आहे, म्हणजे काढला तेव्हाही तो चांगलाच होता. गार झाल्यावर झडप परत घट्ट बंद झाली. उद्या नवीन गॅस्केट घालून बसवायला देतेय. मिस्त्री म्हणतात, "वहिनी, परत तापली तर मला बोलू नका." मी म्हटलं, तापली तर आधी कागद धरीन.